“विल” की “गोइंग टू”? वर्गातल्या इंग्रजीबद्दल एका नव्या शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवता आणि स्वतः मराठी माध्यमातून शिकलेल्या आहात. वर्गात इंग्रजीतून बोलायचं ठरवलंत, वर्गात वापरायच्या वाक्यांची लांबलचक यादी भिंतीवर लावलीत, तरी मुलं “येस मॅडम, नो मॅडम”च्या पुढे सरकत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी इडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, पाठ करून घेता, ते आठवडाभरात पुसले जातात. आणि भविष्यकाळ शिकवताना “विल” आणि “गोइंग टू” यांतला फरक मुलं विचारतात, तेव्हा उत्तर अडखळतं. तर आधी काय घ्यावं, किती घ्यावं?

इंग्रजीचे तास आणि शिक्षकांची प्रशिक्षणं यांतच माझी नोकरी गेली, त्या आधारावर सांगतो. हे तीन वेगळे धडे समजू नका. वर्गात रोज जे बोलावंच लागतं ते आधी. भविष्यकाळ त्या बोलण्यातच दडलेला आहे, तो तिथूनच बाहेर काढा. इडियम्स सगळ्यात शेवटी, आणि मोजकेच.

यादीपासून सुरुवात करू. अशा याद्या नीट वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्यातली जवळजवळ सगळी वाक्यं शिक्षकाची असतात. “सिट डाऊन”, “कीप क्वाएट”, “ओपन युवर बुक्स”, “कम टू द बोर्ड”. मुलाने ऐकायचं आणि तसं करायचं. लहान मुलांसाठी हे उत्तमच आहे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात याच तत्त्वावर एक पद्धत उभी केली: आज्ञा ऐका, अंगाने कृती करा, बोलायची घाई नको. पहिली-दुसरीत ती फार छान चालते. पण महाराष्ट्रात २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे तुमच्या सहावीतल्या मुलाने “ओपन युवर बुक्स” पाच वर्षं ऐकलंय. त्याला आता आज्ञा नकोत, त्याची स्वतःची वाक्यं हवीत.

ती कुठून आणायची? मुलं तासाला मराठीत काय बोलतात ते दोन दिवस कान देऊन ऐका आणि जसंच्या तसं टिपून ठेवा. बहुतेक गरजा आणि तक्रारी निघतील. “मॅडम, परत सांगा ना.” “याचं स्पेलिंग काय?” “माझं अजून झालं नाही.” “पेन संपलं.” “ह्याने माझी पट्टी घेतली.” “आता माझी पाळी आहे.” त्यांना इंग्रजी रूप द्या: “कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?”, “हाऊ डू यू स्पेल इट?”, “आय हॅव्हन्ट फिनिश्ड यट”, “माय पेन हॅज रन आऊट”, “ही'ज टेकन माय रूलर”, “इट्स माय टर्न.” आठवड्याला तीन-चारच घ्या. आणि एक शिस्त पाळा: ज्या वाक्याची इंग्रजी ओळख झाली, ते काम त्यानंतर मराठीत मागितलं तर होणार नाही. बाकी सगळं मराठीत चालेल. तक्रारीची वाक्यं सगळ्यात लवकर बसतात, कारण पट्टी परत हवी असते.

इथे मराठीतून सरळ उचललेली काही वाक्यं पक्की होऊ देऊ नका. पंखा, दिवा “क्लोज” किंवा “ओपन” होत नाहीत, “टर्न ऑफ” आणि “टर्न ऑन” होतात. आपण परीक्षा देतो म्हणून मुलं “आय गेव्ह द एक्झाम” म्हणतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा “टेक” करतो. “मॅडम, हा मारतोय”चं “ही इज बीटिंग मी” होतं, आणि त्यात काठीने बडवल्याचा वास येतो. साध्या चापटीला “ही हिट मी” पुरे, ढकलाढकलीला “ही'ज पुशिंग मी.” “मायसेल्फ राहुल” तर तुम्हाला ठाऊक असेलच. “रिपीट अगेन”मधलं “अगेन” गाळा. पण प्रत्येक भारतीय वळणावर लाल शाई ओतू नका. “एनी डाउट्स?” आपल्याकडे सगळ्यांना कळतं, लंडनच्या वर्गात “एनी क्वेश्चन्स?” म्हणतील, एवढं मुलांना सांगून पुढे चला.

एक प्रश्न मात्र मी बंदच करायला सांगेन: “अंडरस्टुड?” त्यावर सगळा वर्ग एका सुरात “येस मॅडम” म्हणतो आणि कुणाला काय कळलं ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी कामाची सूचना देऊन झाली की एखाद्या मुलाला विचारा, “सो, व्हॉट आर यू गोइंग टू डू फर्स्ट?” तो म्हणेल, “रीड द स्टोरी.” मग, “अलोन ऑर इन पेअर्स?” “इन पेअर्स.” “ॲण्ड देन?” सूचना पोचली की नाही ते अर्ध्या मिनिटात समजतं. आणि बघा, भविष्यकाळ आपोआप वर्गात आला. व्याकरणाचं पान उघडायच्या आधीच.

आता त्याच भविष्यकाळाबद्दल, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

मुलांना आपण सांगतो, “विल” म्हणजे भविष्यकाळ. मग मुलं प्रत्येक भविष्याला “विल” डकवतात. गंमत अशी की मराठीत भविष्य एका रूपात आपण कधीच बोलत नाही, आणि हे भेद सहावीतल्या पोराला न शिकवता येतात. “मी उद्या मामाकडे जाईन”, “मी उद्या मामाकडे जाणार आहे”, “मी उद्या मामाकडे जातोय” ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, यातल्या कुणाची पिशवी भरून झाली असेल? वर्ग एकमताने तिसऱ्याचं नाव घेईल. पहिल्याचं अजून नक्की नाही, हेही सांगेल. हा कान त्यांच्याकडे तयार आहे, तो वापरा.

जे आधी ठरलेलं आहे, मराठीत ज्याला आपण “-णार आहे” लावतो, तिथे “गोइंग टू”: “आय'म गोइंग टू विझिट माय अंकल.” नुसतं ठरलेलं नाही, तर तिकीटही काढलंय, निरोपही गेलाय, तिथे मराठीत “जातोय” आणि इंग्रजीतही तसंच: “आय'म गोइंग टू पुणे टुमॉरो.” या वाक्यातलं “गोइंग” हे जाण्याचं खरंखुरं क्रियापद आहे, हे एकदा दाखवावं लागतं, नाहीतर मुलं “आय'म गोइंग टू गो”ला हसतात, आणि ते वाक्य तर बरोबर आहे. वेळापत्रकातलं असेल तर दोन्ही भाषांत साधा वर्तमान: “एसटी सव्वासातला सुटते”, “द बस लीव्ज ॲट सेव्हन फिफ्टीन.” आणि डोळ्यांसमोर चिन्हं दिसत असतील तर पुन्हा “गोइंग टू.” ढग भरून आले, पाऊस येणार: “इट्स गोइंग टू रेन.” जून-जुलैत खिडकीकडे बोट दाखवलं की झालं, चित्राची गरज नाही.

इथवर मराठी हात देते. फसवते ती पुढच्या जागी. दार वाजतं, कुणीतरी म्हणतं, “थांब, मी बघते.” दुकानात, “सुटे नाहीत? राहू दे, मी देतो.” फोनवर, “उद्या सांगतो.” तिन्ही ठिकाणी मराठीत वर्तमानकाळाचं रूप आहे, पण निर्णय त्या क्षणी तोंडातून निघालेला. इंग्रजीत नेमकी हीच “विल”ची सगळ्यात हक्काची जागा: “आय'ल गेट इट”, “आय'ल पे”, “आय'ल टेल यू टुमॉरो.” आपली मुलं, आणि पुष्कळ शिक्षकही, इथे “आय टेल यू टुमॉरो” म्हणून मोकळे होतात. माझ्या अनुभवात भविष्यकाळाच्या चुकांमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी, कारण पुस्तकातल्या गाळलेल्या जागांत ती येतच नाही. उपाय सोपा आहे. वर्गात मदत मागत राहा. “द बोर्ड इज डर्टी.” कुणी उठला की त्याच्या तोंडून “आय'ल वाइप इट” निघालं पाहिजे. “वी नीड मोअर चॉक.” “आय'ल ब्रिंग सम.” जो वाक्य बोलेल तोच खडू आणायला जाईल, असा नियम केला की स्पर्धा लागते; वर्गाबाहेर पडायचं आमिष फार मोठं असतं.

अंदाज आणि वचन यांनाही “विल”: “भारत जिंकेल”, “मी कुणाला सांगणार नाही.” दुसऱ्या उदाहरणात मराठीने “-णार” वापरलंय, पण इंग्रजीत “आय वोन्ट टेल एनीवन.” म्हणून “-णार म्हणजे गोइंग टू” असं समीकरण फळ्यावर लिहू नका. बोलणाऱ्याचं मन त्या क्षणी काय करतंय ते विचारा: ठरवून आलाय, आत्ता ठरवतोय, की नुसता अंदाज बांधतोय?

“असेल”चा एक वेगळाच घोळ आहे. “तो आता घरी पोचला असेल” यात भविष्य कुठेच नाही, आपण आत्ताचा तर्क करतोय. मुलं “ही विल रीच होम नाऊ” लिहितात. तिथे “ही मस्ट हॅव रीच्ड होम” शिकवा. खात्री दाखवायला “ही'ल हॅव रीच्ड होम” असंही इंग्रज म्हणतो, पण सहावी-सातवीत दोन्ही दिलीत तर गोंधळ वाढेल.

“तर” आणि “की” ही पुढची ठेच. “पाऊस आला तर आम्ही खेळणार नाही.” “आई आली की जेवू.” अटीच्या भागात मराठी भूतकाळाचं रूप घेते, इंग्रजी वर्तमानाचं, आणि मुलं भविष्याचं: “इफ इट विल रेन.” नियम एवढाच ठेवा की “इफ” आणि “व्हेन”च्या मागोमाग “विल” येत नाही, ते दुसऱ्या भागात जातं: “इफ इट रेन्स, वी वोन्ट प्ले.” याला अपवाद आहेत, ते आठवीनंतर.

“शॅल”बद्दल जुने शिक्षक तुम्हाला नक्की टोकतील: “आय” आणि “वी”ला “शॅल”, बाकीच्यांना “विल”. हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारे हेच गृहस्थ. त्यांचं चिन्ह टिकलं, नियम बोलण्यातून गेला. आज “शॅल” मुख्यतः कायद्याच्या कागदांत आणि प्रश्नांत उरलाय, आणि प्रश्नांतला मराठी मुलाला फार सोपा आहे, कारण त्याच्याकडे “-ऊ का” तयार आहे. “खिडकी उघडू का?” “शॅल आय ओपन द विंडो?” “सुरू करूया का?” “शॅल वी स्टार्ट?” परवानगी मागायची असेल, “आत येऊ का?”, तर मात्र “मे आय” किंवा “कॅन आय.” काम करून देऊ का आणि मला करू द्याल का, हा फरक मुलं एका दिवसात पकडतात.

“उद्या या वेळी मी गाडीत बसलेला असेन” या धर्तीचं एखादं “आय'ल बी सिटिंग” आणि “शुक्रवारपर्यंत माझं झालेलं असेल”साठी एखादं “आय'ल हॅव फिनिश्ड बाय फ्रायडे”, एवढं आठवीला पुष्कळ. बारा काळांचा तक्ता पाठ करून कुणी बोलायला लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

उच्चाराकडे थोडं लक्ष द्या. “आय विल कम” असं सुटं-सुटं म्हटलं की ऐकणाऱ्याला हट्ट वाटतो, “मी येणारच!” असा. साध्या बोलण्यात ते “आय'ल कम” असतं. आणि “वोन्ट” व “वाँट” यांची जोडी वेगळी काढून घोटून घ्या. आपल्याकडे दोन्हींचा उच्चार “वॉन्ट” होतो आणि “मला जायचंय” आणि “मी जाणार नाही” यांतला फरक “टू”वर येऊन लटकतो. “वोन्ट”मध्ये ओठ गोल करून लांब “ओ”, “वाँट”मध्ये तोंड उघडं आणि स्वर आखूड. मुलांना जोडीने समोरासमोर बसवा. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून नुसतं उठायचं किंवा बसून राहायचं.

आता एक तास कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे हे सगळं हवेत राहणार नाही. जवळच्या एसटी स्थानकावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून आणा आणि त्यातल्या सहा-सात गाड्या फळ्यावर उतरवा: गाव, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. मुलांना सांगा, वर्गाची सहल ठरवायची आहे, अकरापर्यंत पोचायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. चौघांचा एक गट. पहिली काही मिनिटं नुसते प्रश्न: “व्हॉट टाइम डज द फर्स्ट बस लीव्ह?” “इट लीव्ज ॲट सिक्स थर्टी.” मग गटात वाद, आणि तो बहुतेक मराठीत होईल, होऊ द्या. मग प्रत्येक गटाने उभं राहून आपला बेत सांगायचा: “वी आर गोइंग टू टेक द सेव्हन फिफ्टीन बस.” इथे तुम्ही खोडा घाला: “व्हॉट इफ यू मिस इट?” “इफ वी मिस इट, वी'ल टेक द एट ओ'क्लॉक बस.” “हू इज गोइंग टू ब्रिंग वॉटर?” क्षणभर शांतता, मग कुणीतरी, “आय'ल ब्रिंग इट!” एका तासात वेळापत्रक, बेत, अट आणि तिथल्या तिथे घेतलेला निर्णय, चारही आले. सूत्रं तासाच्या शेवटी फळ्यावर लिहा, सुरुवातीला नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत असाच प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून वेळापत्रकं, नकाशे अशी कोडी मुलांपुढे ठेवायची. डोकं कोड्यात गुंततं आणि भाषा मागून येते. जगभर आज ज्याला “टास्क” म्हणतात त्याची एक मोठी मुळी आपल्याकडची आहे, हे आपल्या प्रशिक्षणांत क्वचित सांगितलं जातं.

राहिले इडियम्स. परीक्षेला जे लागतात ते ओळखता आले की पुरे. वापरता यायची सक्ती नको. ही दोन वेगळी कामं आहेत आणि मुलांची दमछाक होते ती दोन्ही एकदम मागितल्याने. ओळखण्याच्या यादीत आधी असे घ्या जे मराठीशी शब्दाला शब्द जुळतात: मगरीचे अश्रू म्हणजे “क्रॉकोडाइल टिअर्स”, नाक खुपसणं म्हणजे “पोक युवर नोज इन्टू”, पाठ थोपटणं म्हणजे “पॅट ऑन द बॅक”. ओठावर आलेलं नाव इंग्रजीत जिभेच्या टोकावर असतं, “ऑन द टिप ऑफ माय टंग”, आणि हा तर वर्गात रोज लागतो. मग न जुळणारे, मजा म्हणून. पोटात कावळे ओरडतात ते इंग्रजीत नेलेत तर समोरचा घाबरेल, तिथे “आय'म स्टार्व्हिंग.” “डोन्ट ईट माय हेड” आपल्यापुरतं ठीक, बाहेर नको.

“इट्स रेनिंग कॅट्स ॲण्ड डॉग्ज” प्रत्येक गाइडात पहिल्या पानावर असतो. इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात तो आता जुनाट वाटतो. ते “इट्स पोअरिंग” म्हणतात. परीक्षेपुरता ठेवा. वापरण्यासाठी मात्र वर्गात खरोखर प्रसंग येतो असेच निवडा: “टेक युवर टाइम”, “गिव्ह इट अ ट्राय”, “हँग ऑन”, “कीप ॲन आय ऑन द क्लॉक”, आणि तास संपताना “लेट्स कॉल इट अ डे.” आपल्याकडचं “बायहार्ट करा” मुलं थेट इंग्रजीतही क्रियापद म्हणून वापरतात, ते “लर्न इट बाय हार्ट” असं सरळ करा. आणि इडियम गोठलेला असतो, हे दाखवा. “अ पीस ऑफ केक” म्हणजे अगदी सोपं काम, त्यात दोन गणितं सोपी होती म्हणून “टू पीसेस” होत नाहीत. क्रियापद असेल तर ते मात्र काळाप्रमाणे हलतं: “आय'ल कीप ॲन आय ऑन युवर बॅग.” हे वाक्य मधल्या सुट्टीआधी कुणाकडून तरी रोज म्हणवून घेता येईल.

चाचणीच्या प्रश्नांना हात लावता आला तर लावा. “आय डॅश टू पुणे टुमॉरो” या रिकाम्या जागेत तीन-चार रूपं बसतात. मग उत्तरपत्रिकेत एकालाच गुण का? त्याऐवजी प्रसंग द्या: तुझ्या मित्राच्या दोन्ही हातांत दप्तरं आहेत आणि दार बंद आहे, तू काय म्हणशील? तोंडी परीक्षेत तर हे सहज जमतं.

शेवटचं, तुमचं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे असं तुम्ही लिहिलंय. तासाला लागणारं इंग्रजी फार थोडं असतं आणि ते आधी लिहून काढता येतं. रोज टाचण काढताना कडेला चार ओळी लिहा: आज काय करणार आहोत हे “गोइंग टू”ने सांगणारी एक, त्यातले टप्पे “फर्स्ट आय'ल, देन यू'ल” असे सांगणारी एक, सूचना पोचली का ते तपासणारा एक प्रश्न, आणि शाबासकीचं एक वाक्य, “गुड” सोडून दुसरं कुठलंही. ते मोठ्याने दोनदा म्हणा, फोनवर रेकॉर्ड करून एकदा ऐका. पहिला महिना एवढंच करा. फक्त सहावीच्या वर्गावर करा, आठवीला दिवाळीनंतर हात घाला. आठवीची मुलं मॅडमचं इंग्रजी तपासत बसतात, सहावीची बोलायला लागतात.